फुल-सस्पेन्शन एमटीबी पारखताना : पुण्याच्या टेकड्यांवर सायकल हाणणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेताळ टेकडी, तळजाई, बाणेर-पाषाण, बोपदेव घाटाच्या आजूबाजूचे डोंगर. पुण्यात ट्रेल शोधायला लांब जावं लागत नाही. डोंगरी सायकल, म्हणजे एमटीबी, निवडताना मात्र डोकं खाजवायची वेळ येते, कारण इंटरनेटवर ज्या परीक्षणांची पारायणं आपण करतो, ती बहुतेक कॅनडातल्या ओल्या जंगलात नाहीतर युरोपात लिफ्टने वर जाऊन केलेली असतात. आपल्याकडे आहे बेसॉल्टचा कातळ, त्यावर पसरलेला सुटा मुरूम आणि बाभळीचे काटे. खालची उत्तरं या जमिनीसाठी आहेत.

मला खरंच फुल-सस्पेन्शन लागेल का? हार्डटेलवर भागणार नाही?

बऱ्याच जणांचं भागेल. हार्डटेल म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे, फुल-सस्पेन्शन म्हणजे मागेही. तळजाईच्या रुंद वाटा, पाषाणच्या बाजूची सकाळची चक्कर, मुळशीकडचे कच्चे रस्ते एवढंच करायचं असेल तर 120-130 मिलिमीटर दबणारा बरा फोर्क (पुढचं सस्पेन्शन), चांगले टायर आणि ड्रॉपर सीटपोस्ट (चालवता चालवता सीट खाली-वर करणारा दांडा) असलेली हार्डटेल पुष्कळ झाली. वर पैसे उरतील ते वेगळेच.

फुल-सस्पेन्शनची गरज लागते ती दगडी टप्पे, लागोपाठ धोंडे असलेला उतार, एका बाजूला कललेली पायवाट अशा ठिकाणी. लोकांना वाटतं मागचा शॉक कंबर वाचवायला असतो. कंबर वाचते हे खरं, पण मुख्य फायदा पकडीचा. हार्डटेलचं मागचं चाक धोंड्यावर आपटून उडतं, आणि हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना पेडलचा जोर. फुल-सस्पेन्शनचं चाक दगडाच्या आकाराप्रमाणे वरखाली होतं आणि जमीन सोडत नाही.

ज्या उताराला तुम्ही हार्डटेलवरून उतरून चालायला लागता, तिथे नेमकं काय होतं ते बघा. चाक उडून रेषा सुटत असेल तर नवी सायकल कामाला येईल. पुढे बघून पोटात गोळा येत असेल तर आधी ड्रॉपर बसवा, टायर बदला आणि जाणकाराच्या मागे मागे तोच उतार उतरा. दोन लाखांची सायकल पोटातला गोळा घालवत नाही.

पंधरा-वीस हजारांत ‘डबल शॉकअप’वाली सायकल मिळते. मग लाखाच्या पुढे कशाला जायचं?

ती घेऊ नका. सोसायटीतल्या सोसायटीत चालवायची असेल तर गोष्ट वेगळी.

तिच्या मागच्या शॉकमध्ये उघडी स्प्रिंग असते, तिची उसळी आवरणारं डॅम्पिंग नसतं. दुकानातच सीटवर जोरात दाबून हात सोडा. सीट ताडकन वर येते. हेच दगडी उतारावर झालं की सायकल मागून लाथ घालते आणि तुम्ही हँडलवरून पुढे. शिवाय सांध्यांमध्ये बेअरिंगऐवजी प्लास्टिकचे बुश असतात, ते एका पावसाळ्यात ढिले होतात, आणि एवढं करून वजन सतरा-अठरा किलो. त्याच पैशांत साधी हार्डटेल दहा पट बरी.

नावाजलेल्या कंपनीची, ट्रेलवर भरवशाने चालेल अशी नवी फुल-सस्पेन्शन आज लाखाच्या बरीच पुढे सुरू होते. तेवढी तयारी नसेल तर खाली सेकंड-हँडबद्दल लिहिलंय ते वाचा.

ट्रॅव्हल किती घ्यावा?

ट्रॅव्हल म्हणजे सस्पेन्शन दबताना चाक जास्तीत जास्त किती वर येतं ते. ढोबळ वर्गवारी अशी: 100 ते 120 मिलिमीटर क्रॉस-कंट्री, 120 ते 150 ट्रेल, 150 ते 170 एन्ड्युरो, आणि 200 च्या घरात डाउनहिल. पुण्यासाठी मागे 130-140 आणि पुढे 140-150 यापुढे जायचं कारण मला तरी दिसत नाही.

हिशेब साधा आहे. पुणे शहर समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर, वेताळ टेकडीचा माथा 800 च्या आसपास. म्हणजे एका दमात मिळणारा उतार दोन-अडीचशे मीटरचा, आणि तो मिळवायला तेवढंच स्वतःच्या पायांनी चढायचं. लिफ्ट नाही, शटल नाही. 170 मिलिमीटरची पंधरा-सोळा किलोची सायकल घेतलेले काही जण नंतर ‘पाय भरून येतात’ म्हणून रविवारी घरी बसलेले दिसतात.

आणि नुसत्या आकड्यावर भाळू नका. मागे 140 ट्रॅव्हल असलेल्या दोन सायकली एकाच धोंड्यावर इतक्या वेगळ्या वागू शकतात की एक 120 ची वाटावी आणि दुसरी 160 ची. फरक लिंकेजमध्ये (मागचं चाक धरणाऱ्या दांड्या-सांध्यांत), शॉकच्या ट्यूनमध्ये आणि भूमितीत (फ्रेमच्या कोनांत आणि लांबी-उंचीत) असतो.

भूमितीच्या तक्त्यात वीस आकडे असतात. कुठले बघायचे?

पहिल्या फेरीत चारच बघा: हेड अँगल, सीट अँगल, रीच आणि बीबीची (पेडलचे दांडे ज्यावर फिरतात त्या बॉटम ब्रॅकेटची) उंची.

हेड अँगल म्हणजे फोर्क जमिनीशी किती कललेला आहे. ट्रेल सायकलींना आज 64 ते 66 अंश असतो. आकडा जितका कमी, तितकं पुढचं चाक तुमच्यापासून लांब आणि उभ्या उतारावर जिवाला तेवढा आधार. पण हळू वेगात, चढावरच्या अरुंद वळणात हेच चाक भरकटतं. आपल्या टेकड्यांवर वळणं आखडती असतात, त्यामुळे 65 ते 66 मध्ये सुख आहे. साडेत्रेसष्टची सायकल सह्याद्रीच्या सोंडेवरून खाली येताना भारी वाटेल, पण तिथवर पोचेपर्यंत हँडलशी कुस्ती खेळावी लागेल.

सीट अँगल 76 किंवा जास्त हवा. तो उभा असला की तुम्ही पेडलच्या थेट वर बसता आणि चढावर पुढचं चाक उचललं जात नाही. इथे एक मेख आहे. कंपनी छापते तो ‘इफेक्टिव्ह’ अँगल एका ठरावीक सीट-उंचीला मोजलेला असतो. पाय लांब असतील आणि सीटपोस्ट बराच वर काढावा लागत असेल, तर प्रत्यक्षात तुम्ही त्यापेक्षा मागे बसता. म्हणून उंच लोकांनी कागदावरच्या 77 वर विसंबू नये.

रीच म्हणजे उभं राहून चालवताना हँडल किती पुढे आहे. साइज यावर ठरवा.

बीबीची उंची आपल्याकडे फार कमी लोक बघतात. 335 मिलिमीटरची सायकल वळणात झकास चिकटते, पण बेसॉल्टच्या उंचसखल टप्प्यांवर तिचं पेडल दगडाला ठोकतं. मागे 140 मिलिमीटरपैकी 30 टक्के सॅग (नुसतं बसल्यावर जेवढं दबतं ते, खाली सविस्तर आहे) म्हणजे चाकाकडे 42 मिलिमीटर आधीच खर्च झाले, हे धरून चाला. 345 च्या आसपासचा बीबी आणि 165 किंवा 170 ची क्रँक (पेडलचा दांडा) ही जोडी इथे बरी पडते. काही फ्रेमवर फ्लिप-चिप असते, ट्रेक तिला मिनो लिंक म्हणते. तो बोल्ट उलटा बसवला की बीबी थोडा वर येतो आणि हेड अँगल जरा उभा होतो. पुण्यात मी ती ‘हाय’वर ठेवायला सांगेन.

माझी उंची साडेपाच फूट. दुकानदार म्हणतो, लार्ज घ्या, तीच शिल्लक आहे.

शिल्लक आहे ही त्याची अडचण. साडेपाच फुटाला बहुतेक कंपन्यांची मीडियम बसते, काहींची स्मॉलसुद्धा. सीट खाली करून पेडलवर उभे राहा, गुडघे आणि कोपरं वाकवा, नजर समोर ठेवा. हात ताणले जाऊन कोपरं सरळ होत असतील तर सायकल मोठी आहे. स्टेम (हँडल धरणारा तुकडा) आखूड करून चार-पाच मिलिमीटरची चूक निघते, पूर्ण साइजची निघत नाही.

दुसरं म्हणजे सीट-ट्यूब. ती लांब असेल तर 150 चा ड्रॉपर पूर्ण आत जातच नाही आणि उतारावर सीट पोटाला टोचत राहते. पोस्ट किती खोल जातो, हे विकत घ्यायच्या आधी प्रत्यक्ष उतरवून बघा.

हॉर्स्ट लिंक, सिंगल पिव्होट, व्हीपीपी. यातलं चांगलं कुठलं?

या मागचं चाक फ्रेमला जोडायच्या वेगवेगळ्या रचना. चांगली-वाईट दोन्ही प्रत्येकात आहेत. हॉर्स्ट लिंक हे नाव हॉर्स्ट लाइटनर यांच्यावरून पडलं. त्याचं पेटंट बरीच वर्षं स्पेशलाइज्डकडे होतं, त्यामुळे बाकीच्यांना पर्यायी रचना शोधाव्या लागल्या. पेटंटची मुदत सरल्यावर ती रचना सगळीकडे पसरली. सांता क्रूझची व्हीपीपी आणि जायंटची मेस्ट्रो या छोट्या दोन दांड्यांवर झुलणाऱ्या रचना आहेत. साध्या सिंगल पिव्होटमध्ये सांधे सगळ्यांत कमी.

नावापेक्षा तीन गोष्टी विचारा. पेडल मारताना मागचा भाग दबायला रचना किती विरोध करते, याला अँटी-स्क्वॅट म्हणतात. ते जास्त असलं की चढण कुरकुर न करता जाते, पण धोंड्यांवरून पेडल मारताना साखळी ताणून पेडल पायाखाली मागे ओढलं जातं. दुसरं, मागचा ब्रेक दाबल्यावर सस्पेन्शन आखडतं का? खडबडीत उतारावर ब्रेक धरून उतरा, मागचं चाक टकटक उड्या मारत असेल तर आखडतंय. तिसरं, ट्रॅव्हलच्या शेवटी ते कडक होत जातं का? ज्याला प्रोग्रेसिव्ह म्हणतात तेच. हवेच्या शॉकला आणि आपल्या दगडी टप्प्यांना मध्यम प्रोग्रेसिव्ह रचना मानवते.

मेकॅनिकच्या नजरेने बघितलं तर सांधे कमी असलेली सायकल पावसाळ्यानंतर स्वस्तात उघडून साफ होते. हा मुद्दा कुठल्याच जाहिरातीत नसतो.

दुकानाबाहेर पार्किंगमध्ये चक्कर मारून काय कळतं?

सस्पेन्शनबद्दल जवळजवळ काहीच नाही. तरी दुकानं बहुधा तेवढंच करू देतात. ट्रेलवर न्यायचं म्हटलं की काउंटरवरचा चेहराच बदलतो. मग तेवढ्यात जे कळतं ते नीट बघून घ्या: साइज, ब्रेकचे लिव्हर बोटांना पोचतात का, ड्रॉपर अडखळतो का, गिअर बाराही पडतात का, आणि सांध्यांत ढिलाई आहे का.

ढिलाई बघायची रीत अशी. एका हाताने सीटला धरून मागचं चाक जमिनीपासून किंचित उचला आणि लगेच टेकवा, पुन्हा उचला. दुसऱ्या हाताचं बोट एकेका सांध्यावर ठेवत जा, निम्मं लिंकवर, निम्मं फ्रेमवर. जिथे ‘टक्’ बोटाला जाणवेल तिथे बेअरिंग, बोल्ट किंवा शॉकचा बुश गेलाय. हे करताना सीटपोस्टच ढिला नाही ना, याची आधी खात्री करा.

सॅग म्हणजे काय आणि तो कसा लावायचा?

तुम्ही नुसते सायकलवर बसल्यावर शॉक जितका दबतो तो सॅग. तो लावल्याशिवाय केलेली टेस्ट राइड धरूच नका. मित्राची सायकल दोन मिनिटं चालवून ‘कडक आहे रे’ म्हणणाऱ्यांनी मित्राचं वजन विचारलेलं नसतं.

समजा शॉक 210 बाय 55 चा आहे. म्हणजे त्याचा दांडा 55 मिलिमीटर आत जातो आणि त्याबदल्यात चाक 140 मिलिमीटर वर येतं. 30 टक्के सॅग म्हणजे दांड्यावर साडेसोळा मिलिमीटर, 25 टक्के म्हणजे पावणेचौदा. छोटी मोजपट्टी खिशात ठेवा.

राइडला घालता ते सगळं अंगावर घाला: हेल्मेट, पॅड, बूट, पाण्याने भरलेली बॅग. शॉकचा क्लाइंब स्विच (चढावर शॉक कडक करणारी कळ) पूर्ण उघडा. शॉक पंपाने हवा भरा आणि सायकल आठ-दहा वेळा खालपर्यंत दाबा, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांत हवा सारखी होते. हे विसरलं तर आकडा फसवा येतो. मग कोणाला तरी हँडल धरायला सांगा, पेडलवर उभे राहून एकदा हलकं हेलकावा, सीटवर स्वस्थ बसा, आणि दांड्यावरची रबरी रिंग सीलला टेकवा. आता उडी न मारता, अलगद मागे उतरा. रिंग आणि सील यांच्यातलं अंतर हा तुमचा सॅग. जास्त आला तर हवा भरा, कमी आला तर सोडा. फोर्कला 15 ते 20 टक्के.

पंप काढताना जो ‘फुस्स’ आवाज येतो, तो पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो, शॉकमधल्या नाही. त्या आवाजाला घाबरून पुन्हा हवा भरणारे प्रत्येक ग्रुपमध्ये एक-दोन असतात. शॉकमध्ये दीडशे-दोनशे पीएसआय किंवा त्याहून जास्त लागतं, ते पेट्रोल पंपावरच्या हवेने होणार नाही. शॉक पंप सायकलीबरोबरच घ्या.

रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक परत वर यायचा वेग, लावायला फूटपाथची कड पुरते. सीटवर बसून सावकाश खाली उतरा. मागचा भाग दबून एकदा वर येऊन थांबला तर ठीक. दोन-तीन वेळा झुलला तर रिबाउंड हळू करा. दबून वर यायलाच आळस करत असेल तर वेगवान करा. पूर्ण बंदपासून किती क्लिक उघडले ते फोनमध्ये लिहून ठेवा.

ट्रेलवर खरी पारख कुठे आणि कशी करू?

दहा-पंधरा मिनिटांची एकच चक्कर ठरवा आणि प्रत्येक सायकल तीवरच चालवा. आज वेताळ टेकडी, पुढच्या आठवड्यात बोपदेव, असं केलं तर तुलना कसली करणार? टायरमधली हवाही सगळ्या सायकलींत सारखी हवी. पाच पीएसआयचा फरक शॉकच्या फरकाएवढा जाणवतो आणि माणूस भलत्याच गोष्टीला दाद देतो.

चक्करमध्ये चढ, दगडी टप्पा, सुट्या मुरमाचं वळण आणि सलग खडबडीत उतार एवढं असलं की झालं. वेताळ टेकडीवर खाणीच्या आजूबाजूला हे सगळं जवळजवळ सापडतं. आधी बसून चढा. उभ्या चढात पुढचं चाक हलकं होऊन इकडेतिकडे फिरतं का? मुरमावर मागचं चाक गरकन फिरतं की पकडून वर नेतं?

मग दगडी टप्पा. वीतभर उंचीचा, कड धारदार असलेला कातळ निवडा आणि चालण्याच्याच वेगाने त्यावर चढा. पुढचं चाक तुम्ही उचलून वर घेता, तिथपर्यंत सगळ्या सायकली सारख्या. खरा प्रसंग त्यापुढच्या अर्ध्या सेकंदाचा: मागचं चाक कडेला भिडतं आणि तुम्ही त्याच वेळी पेडल दाबत असता. चांगल्या सेटअपमध्ये चाक मागे-वर सरकून कड गिळतं आणि पेडलचा जोर तुटत नाही. वाईटात सायकल जागच्या जागी अडते, पेडलला उलटा झटका बसतो आणि पाय जमिनीवर येतो. हाच टप्पा क्लाइंब स्विच उघडा ठेवून आणि बंद करून, दोन्ही प्रकारे करून बघा.

सलग उतारावर पहिल्यांदा सावकाश, मग नेहमीच्या वेगाने. हाताला येणारे झटके आणि पायाला येणारे झटके वेगवेगळे ओळखायचा प्रयत्न करा. हात दुखतात पण पाय निवांत, तर फोर्क कडक आहे किंवा त्याचा रिबाउंड हळू आहे. खाली आल्यावर रबरी रिंग बघा. सगळ्यांत मोठ्या दणक्याला शॉक 90 टक्क्यांच्या आसपास गेलेला असावा. दोन-तृतीयांशच्या पुढे गेलाच नसेल तर हवा जास्त आहे, नाहीतर आत व्हॉल्यूम स्पेसर (हवेची जागा कमी करणारे तुकडे) जास्त भरलेत. प्रत्येक फेरीला टोकापर्यंत आपटत असेल तर उलटं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. हवा, रिबाउंड आणि टायर तिन्ही एकदम बदलून ‘आता मस्त चालतेय’ म्हणण्यात काही अर्थ नाही.

आणि हे सगळं आडवारी, उजाडल्यावर पहिल्या तासानंतर करा. भल्या पहाटे टेकडीवर फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांची ती वेळ, आणि त्यांनी टेकडी राखली म्हणून ती उरली आहे. टेकडीवरून न्यायच्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा वाद आठवत असेलच. घंटी लावा, माणूस दिसला की थांबा, मोर दिसला तरी थांबा.

चढावर पेडल मारताना सायकल डुलते. खराब आहे का?

डांबरी चढावर उभं राहून पेडल मारलं तर सगळ्याच डुलतात. बसून, एका लयीत मारताना रिंग सॅगच्या पुढे दहा-बारा मिलिमीटर सरकत असेल तर विचार करा, आधी सॅग तपासून. रस्त्यावर क्लाइंब स्विच लावा, तो त्यासाठीच आहे. खडबडीत चढावर मात्र उघडा ठेवा, नाहीतर ज्या पकडीसाठी पैसे मोजले तीच घालवून बसाल.

29 की 27.5?

29. उंची सव्वापाच फुटाच्या खाली असेल तर पुढे 29 आणि मागे 27.5 असलेली मुलेट बघा. उतारावर मागचं चाक पार्श्वभागाला घासत नाही. पण 29 साठी बनलेल्या फ्रेममध्ये स्वतःच्या मनाने छोटं चाक घातलं तर बीबी खाली येतो आणि पेडल ठोकायला लागतात.

आपल्या जमिनीवर टायर कसे हवेत?

सायकलीबरोबर आलेले टायर हे परीक्षण बिघडवणारं पहिलं कारण. सुटा मुरूम कातळावर बॉल-बेअरिंगसारखा फिरतो, तिथे मधले छोटे दाणे काही करू शकत नाहीत. कडेचे उभे, भक्कम दाणे हवेत. पुढे 2.4 किंवा 2.5 इंची, मऊ रबराचा. मागे थोडा टणक चालेल, नाहीतर दोन महिन्यांत गुळगुळीत होतो. पातळ बाजूंचे हलके टायर घेऊ नका. बेसॉल्टची फुटलेली कड सुरीसारखी चिरते आणि तो काप सीलंटने (टायरमधल्या भोकं बुजवणाऱ्या द्रवाने) बुजत नाही.

ट्यूबलेसला पर्याय नाही. बाभूळ आणि बोरीचे काटे एका चक्करमध्ये ट्यूबची चाळण करतात. आपल्या उन्हाळ्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत वाळतं, ते तपासत राहा. पंचाहत्तर किलोच्या माणसाने पुढे 22-24 आणि मागे 25-27 पीएसआयपासून सुरुवात करावी.

ब्रेकमध्ये काय बघू?

चार पिस्टनचे कॅलिपर, पुढे 200 किंवा 203 ची डिस्क, मागे 180 चालते. एका बोटाने मागचं-पुढचं चाक थांबलं पाहिजे. नव्या पॅडवर निकाल देऊ नका. वीसेक वेळा वेगातून जोरात ब्रेक दाबून ते आधी बसवून घ्यावे लागतात.

तेलाचं विचारून घ्या. शिमानोमध्ये मिनरल ऑइल असतं. स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड असतं, पण काही नव्या मॉडेलमध्ये मिनरल. डॉट हवेतली ओल शोषतं, म्हणून पावसाळ्यानंतर दरवर्षी बदलावं. फायदा असा की डॉट 4 किंवा 5.1 टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळतं. डॉट 5 मात्र सिलिकॉनचं, ते चालत नाही. एकाचं तेल दुसऱ्यात गेलं तर सील फुगून ब्रेक कामातून गेला.

पावसाळ्यात चालवायची असेल तर?

जिथे कातळ आणि मुरूम आहे तिथे पाणी निचरून जातं, चालवा. काळ्या मातीच्या वाटा पंधरा-वीस मिनिटांत टायर आणि फ्रेममधली फट भरून टाकतात, चाक फिरायचंच थांबतं, आणि वाटेत पडलेला चर पुढचं वर्षभर वाळून तसाच राहतो. घेताना मागच्या टायरभोवती बोट सहज फिरतं का ते बघा.

ब्रेकचे पॅड सिंटर्ड (धातूचे) घ्या. रेझिनचे पॅड चिखलात बघता बघता संपतात. आणि राइडनंतर सायकल गाडी धुवायच्या सेंटरवर नेऊन प्रेशरचा फवारा सांध्यांवर मारून घेऊ नका. ग्रीस बाहेर, बारीक रेती आत. घरची बादली आणि ब्रश पुरतात.

देखभालीचा खर्च किती मनात धरावा?

हार्डटेलच्या दुप्पट वेळ तरी धरा. रॉकशॉक्स ही कंपनी फोर्कच्या खालच्या पायांची साफसफाई साधारण 50 तासांनी करायला सांगते. शनिवार-रविवार मिळून पाच तास चालवणाऱ्याला हे दहा आठवड्यांत येतं. तेल आणि फोमच्या रिंगा बदलणं घरी शिकण्यासारखं काम आहे. डॅम्परची किंवा शॉकची पूर्ण सर्व्हिस मात्र त्यातलं कळणाऱ्याकडेच द्यावी. घ्यायच्या आधी दुकानदाराला थेट विचारा: शॉक उघडणारा माणूस इथे पुण्यात आहे का, की खोक्यात घालून बाहेर पाठवता? पाठवत असतील तर परत यायला किती आठवडे लागतात?

सांध्यांची बेअरिंग हा पुणेकरांचा फायद्याचा विषय. कंपनीचा ‘लिंकेज किट’ महाग असतो आणि महिनोन् महिने येत नाही. पण बेअरिंगच्या कडेला नंबर कोरलेला असतो, 6902 म्हणजे आतला व्यास 15, बाहेरचा 28, रुंदी 7 मिलिमीटर; 6900 म्हणजे 10, 22 आणि 6. हे जगभर चालणारे औद्योगिक आकार आहेत. भोसरीसारख्या कारखान्यांच्या पट्ट्यात बेअरिंगच्या दुकानांना तोटा नाही. सांध्यांसाठी पिंजरा नसलेलं, गोळ्यांनी पूर्ण भरलेलं ‘मॅक्स’ प्रकारचं मिळालं तर उत्तम.

डिरेल्युअर हँगर (गिअर बदलणारा डिरेल्युअर फ्रेमला जोडणारा तुकडा) एक जादा घेऊनच दुकानाबाहेर पडा. फ्रेमला यूडीएच (बऱ्याच कंपन्या वापरतात तो सामाईक हँगर) असेल तर तो सहज मिळतो. नसेल तर त्या एका तुकड्यासाठी सायकल महिनाभर भिंतीला टेकून राहते.

सेकंड-हँड घ्यावी का?

जरूर, पण उघड्या डोळ्यांनी आणि दिवसाउजेडी. फ्रेम धुवून मागा. चिखलाखाली तडा लपतो. हेड-ट्यूब आणि डाउन-ट्यूबचा जोड, शॉक जिथे फ्रेमला बसतो ती जागा, बीबीच्या मागचा चेन-स्टेचा पूल, सीट-ट्यूबचा कोपरा: या चार ठिकाणी टॉर्च मारून केसासारखी रेघ शोधा. रंगावरची साधी खरवड नखाला लागून थांबते, तडा जोडाच्या कडेने पळतो.

शॉकच्या आणि फोर्कच्या दांड्यांवर नख फिरवा. खरखरीत ओरखडा लागला तर सील तेल धरणार नाही. पुढचा ब्रेक दाबून हँडल मागेपुढे हलवा. फोर्कच्या वरच्या क्राउनमधून कर्रकर्र आवाज आला तर बहुधा क्राउन आणि स्टीअररचा (हँडलकडे जाणाऱ्या नळीचा) जोड सुटतोय, आणि तो अख्खा भाग बदलावा लागतो. किमतीत ते धरा. हेडसेट ढिला असला तरी आवाज येतो, म्हणून आधी तो आवळून बघा.

मूळ बिल आणि फ्रेमखालचा नंबर जुळला पाहिजे. ‘बिल गावाला आहे’ असं उत्तर आलं की चहा पिऊन निघा.

कार्बन की अ‍ॅल्युमिनियम?

अ‍ॅल्युमिनियम. कार्बनने वाचणारं किलोभर वजन एखाद्याला महत्त्वाचं वाटेल, पण डाउन-ट्यूबवर उडणारे दगड, कातळावर आडवी पडलेली सायकल आणि फ्रेमची वॉरंटी मिळवताना होणारे हेलपाटे पाहता वाचलेले पैसे चाकांत घालावेत. कात्रज-सिंहगडच्या धारेवर जिथे घसारा लागतो आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते, तिथे हलकी फ्रेम हवीशी वाटते खरी.

बजेट ठरलेलं आहे. फ्रेमवर खर्च करू की पार्टवर?

फ्रेमची भूमिती आणि शॉक-फोर्कचा दर्जा नंतर बदलणं सगळ्यांत महाग, म्हणून पैसा तिथे. त्यानंतर ब्रेक, मग चाकं. गिअरसेट सगळ्यांत शेवटी. महागडा डिरेल्युअर लावून फोर्कमध्ये हात आखडता घेतलेली सायकल कंपन्या मुद्दाम बनवतात, कारण दुकानात गिऱ्हाईक आधी मागच्या डिरेल्युअरवरचं नाव वाचतं. 10-52 ची साधी बारा गिअरची कॅसेट इथल्या कुठल्याही चढाला पुरते, आणि दगडावर आपटून डिरेल्युअर गेलाच तर नवा घेताना जीव कासावीस होत नाही.

सायकलीच्या किमतीच्या वर हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, शॉक पंप, जादा हँगर, सीलंट आणि ब्रेक पॅडची एक जोडी एवढं धरून बजेट मांडा. त्यात बसत नसेल तर एक मॉडेल खालचं घ्या.